कॅथेटर असलेल्या प्रत्येक रहिवाशाचा वेगळा कागद: तुमच्याकडे कसा लिहिता?

मांजराकाठ (धागा सुरू करणारी)

लातूर जिल्ह्यातल्या एका वृद्ध शुश्रूषा केंद्रात मी इन्चार्ज सिस्टर आहे. पक्षाघाताचे, खुब्याच्या ऑपरेशननंतरचे, प्रोस्टेटचे, स्मृतिभ्रंशाचे असे सगळ्या तऱ्हेचे वृद्ध आमच्याकडे राहतात. त्यातल्या बऱ्याच जणांना दवाखान्यातून येतानाच लघवीची नळी घातलेली असते. डिस्चार्ज कार्डावर तिच्याबद्दल दोनच शब्द असतात, 'कॅथेटर केअर'. नळी कशासाठी घातली, किती दिवस ठेवायची, कधी काढून बघायची, यातलं काही नसतं.

मग सगळ्यांना एकच नियम लागतो. भिंतीवरचा छापील तक्ता सांगतो की पंधरा दिवसांनी नळी बदला, दिवसातून तीनदा पिशवी रिकामी करा, भरपूर पाणी पाजा. आता हृदय कमजोर झालेल्या अण्णांना डॉक्टरांनी दिवसाला लिटरभरच पाणी सांगितलंय, त्यांना 'भरपूर' पाजायचं का? एका आजींची नळी आठव्या दिवशीच खड्यांनी बंद पडते, त्यांनी पंधरावा दिवस उजाडायची वाट बघायची का? तक्ता सगळ्यांसाठी आहे, म्हणून तो या दोघांपैकी कोणाच्याच कामाचा नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक नळीवाल्या रहिवाशाचा स्वतंत्र कागद करायला घेतलाय. पहिली ओळ: नळी का आहे? लघवी तुंबते आणि दुसरा इलाज सध्या शक्य नाही, माकडहाडावर खोल जखम आहे आणि ती लघवीने भिजून भरत नाही, शेवटच्या दिवसांत हलवलं की असह्य दुखतं, ही कारणं मला पटतात. 'गादी ओली होते' किंवा 'रात्री मावशी कमी असतात' हे कारण मी कागदावर लिहू देत नाही. नळी आत असताना दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के लोकांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात, महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्या लघवीत ते असतात. म्हणून कारण सापडलं नाही तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारायचं, नळी काढून बघू का? पुरुषांना कंडोम कॅथेटर (आत न घालता लिंगावर बाहेरून चढवायची नळी), दर दोन-तीन तासांनी संडासला नेणं, रात्रीपुरता डायपर, हे पर्याय लिहूनच पुढे जायचं.

दुसरी ओळ नळीची. कितव्या नंबरची म्हणजे किती जाड, लॅटेक्स (रबर) की सिलिकॉन, नळी आत अडकून राहावी म्हणून टोकाशी जो फुगा असतो त्यात किती मिली पाणी, कोणत्या तारखेला घातली, घालताना त्रास झाला का. मोठ्या माणसाला बहुधा १४ किंवा १६ नंबर पुरतो. फुग्यात साधारण १० मिली स्टराइल वॉटर असतं. सलाईन भरायचं नाही, त्यातलं मीठ साठून फुग्याची वाट बंद होते आणि काढताना फुगा रिकामाच होत नाही.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते कपड्यांबद्दल आणि अंथरुणाबद्दल. परदेशी पुस्तकांत हे नसतं आणि आपल्याकडे रोजचं भांडण याचंच असतं.

आमच्याकडच्या एका आजी आयुष्यभर नऊवारी नेसल्या. गाऊन अंगाला लावू देत नाहीत. काष्टा घातला की नळी दोन पायांमध्ये दाबली जाते, लघवी उतरत नाही, ओटीपोट फुगतं. आजी कळवळतात आणि मावशी म्हणतात, "सिस्टर, पिशवीच भरंना." त्यांच्या कागदावर आता लिहिलंय: लुगडं गोल नेसवायचं, काष्टा नाही, नळी मांडीला पट्टीने बांधायची आणि थोडी ढील ठेवायची, नेसवून झालं की नळीतून लघवी उतरताना बघायची, मगच उठायचं. धोतर नेसणाऱ्या अप्पांचं वेगळं लिहावं लागलं, त्यांना पायाला बांधायची छोटी पिशवी चालते.

दुसरं, खाली झोपणं. कित्येकांना जमिनीवर सतरंजी टाकून झोपायची जन्माची सवय. पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी, आणि जमिनीला टेकायलाही नको. जमिनीवर झोपलेल्या माणसाची पिशवी खाली लावणार कुठे? लघवी नळीत मागेपुढे होत राहते. आम्ही अशांसाठी सुताराकडून बुटके लाकडी दिवाण करून घेतले. उतरताना पाय लगेच जमिनीला लागतात म्हणून पडायची भीती वाटत नाही, आणि पिशवी कडेला अडकवून खाली स्वच्छ टबात राहते. हे पटवायला त्या माणसाशी दोन-चार दिवस बोलावं लागतं. आपण कोणाची झोप बदलतोय, एवढं बोलणं झालंच पाहिजे.

तुमच्याकडे काय लिहिता? विशेषतः नळी वारंवार बंद पडते त्यांचं, आणि स्मृतिभ्रंशात नळी ओढतात त्यांचं.

---

सिंदफणा

ताई, चांगला विषय काढलात. मी सरकारी दवाखान्याच्या युरॉलॉजी वॉर्डात ब्रदर होतो, आता बीडला निवृत्त. बंद पडणाऱ्या नळीबद्दल सांगतो.

काही जणांच्या लघवीत प्रोटियस नावाचा जंतू घर करतो. तो लघवीतला युरिया फोडतो, त्याने लघवी अल्कली होते आणि नळीच्या टोकाशी खडूसारखे क्षार जमतात. बदललेली नळी फेकण्याआधी टोक बोटांत चुरगळून बघा, अर्थात ग्लोव्हज घालून. रेतीसारखं लागलं तर हा माणूस नळी बंद पडणाऱ्यांतला. त्याची वही ठेवा: नळी घातली कधी, बंद पडली कधी. अशा लागोपाठ तीन नळ्यांच्या तारखा मिळाल्या की त्या माणसाचा आकडा कळतो. एखाद्याचा दहा दिवस, एखाद्याचा पाच आठवडे. आकडा दहाचा असेल तर आठव्या-नवव्या दिवशी ठरवून नळी बदला, रात्री दोनला धावपळ करत नव्हे. उलट ज्याची सिलिकॉनची नळी निवांत चाललीय त्याला पंधरा दिवसांनी उगाच टोचू नका. सिलिकॉन १२ आठवड्यांपर्यंत, टेफ्लॉनचा लेप दिलेली लॅटेक्स ४ आठवड्यांपर्यंत चालते. साध्या लॅटेक्सची मुदत याहून बरीच कमी. पाकिटावरची कमाल मुदत मात्र ओलांडायची नाही.

पाणी वाढवता येत असेल तर वाढवा आणि त्यात लिंबू असू द्या. सायट्रेट असलेलं पेय जास्त प्यायलं तर क्षार जमायला उशीर लागतो, असं प्रयोगांत दिसलंय. मधुमेह्याला बिनसाखरेचं. किडनीचा पेशंट असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सरबतही नाही आणि शहाळंही नाही, पोटॅशियम वाढतं.

रोज नळीतून पाणी मारून धुवायची सवय कुठेकुठे आहे, ती सोडा. दरवेळी जोड उघडतो आणि बाहेरचे जंतू आत जातात. जागा धुवायला साबण आणि पाणी पुरे, डेटॉल नको. पुरुषांची कातडी मागे घेऊन धुतली तर ती परत पुढे आणायचीच, नाहीतर सुजून अडकते. हे मी प्रत्येक पुरुषाच्या कागदावर लिहायला लावायचो, कारण नव्या मुलाला कोणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक. नळी काढण्याआधी 'सवय लागावी' म्हणून चिमटा लावून ठेवतात. त्याची गरज नाही. चिमटा विसरला की मूत्राशय तुंबून फुगतं. नळी सकाळी काढा, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं आणि लघवी झाली नाही तर डॉक्टर जागेवर असतात. त्याआधी बद्धकोष्ठ मोकळा झालेला हवा. प्रोस्टेटवाल्यांना डॉक्टर दोन-तीन दिवस आधी लघवीची वाट सैल करणारी टॅमसुलोसिनसारखी गोळी सुरू करतात, तेव्हा त्यांना एकदम उभं करू नका, रक्तदाब उतरून चक्कर येते. सर्दीच्या आणि झोपेच्या काही जुन्या गोळ्यांनीही लघवी अडते. चालू औषधांची यादी त्याच कागदाला जोडा.

---

तेरणेची लेक

मी पुण्यात असते, आई धाराशिव जिल्ह्यातल्या एका केंद्रात. पक्षाघातानंतर नळी आहे. नळीच्या बाजूने लघवी गळते म्हणून आधी १६ नंबर होता, मग १८ केला, आता २० घातलाय. गळणं वाढलंच. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर पिशवी जांभळी दिसली, अक्षरशः जांभळी. मला रडूच कोसळलं. केंद्रातले म्हणाले काही होत नाही. खरंच काही होत नाही का?

---

सिंदफणा

बेटा, आधी एक सांग, आईला शौचाला कधी झाली होती? गळायला लागलं की लोक जाड नळी घालतात, आणि जाड नळीने मूत्राशय अजून आकसतं. बाजूने गळण्यामागे बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात: मूत्राशयाचे झटके, नळी अडलेली किंवा पिळलेली, आणि आतड्यात कडक मळ साठलेला. जांभळी पिशवीसुद्धा बद्धकोष्ठ असलेल्या, नळीवर असलेल्या वृद्ध बायकांतच जास्त दिसते. अन्नातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून आतड्यात एक पदार्थ बनतो, तो लघवीत उतरतो आणि तिथल्या जंतूंमुळे निळा नि लाल रंग तयार होऊन प्लास्टिकला लागतो. रंग स्वतः घातक नाही. ताप नाही, दुखत नाही, आई नेहमीसारखी बोलतेय, तर घाबरू नकोस. पण रंग दिसला म्हणजे पोट तपासा, नळी किती जुनी आहे बघा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. 'काही होत नाही' म्हणून विषय संपवायचा नाही.

---

पूर्णाकाठचा डॉक्टर

परभणीत फिजिशियन आहे. नळीच्या पेशंटचं सगळ्यात मोठं नुकसान मी जिथे होताना बघतो ते लिहितो: लघवीचा रिपोर्ट.

नातेवाईक 'लघवीला वास येतोय' म्हणून पिशवीतून नमुना काढून लॅबला देतात. रिपोर्टात पस सेल (पू-पेशी) भरपूर, कल्चरला म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत जंतू. त्यावर इंजेक्शनं सुरू. महिन्याने पुन्हा तेच, पण आता आधीच्या औषधाला जंतू दाद देत नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर उरतात ती महागडी, शिरेतून द्यायची औषधं, तीही किडनीकडे बघत बघत. जुनी नळी आहे म्हणजे जंतू सापडणारच. त्रास नसेल तर कल्चर करू नये आणि जंतू सापडले तरी औषध देऊ नये. अपवाद गरोदर बाईचा, आणि लघवीच्या मार्गातून रक्त येईल अशा शस्त्रक्रियेआधीचा. गढूळपणा आणि वास एवढ्यावरून जंतुसंसर्ग ठरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो, तेव्हा पाणी कमी पडलं की सगळ्यांचीच लघवी गडद आणि उग्र होते.

मग औषध कधी? थंडी वाजून ताप, ओटीपोटात किंवा कमरेच्या बाजूला नव्याने दुखणं, लघवीतून रक्त, रक्तदाब खाली येणं, किंवा कालपर्यंत ओळखणारा माणूस आज एकदम भ्रमात जाणं आणि त्याचं दुसरं कारण न सापडणं. अशा वेळी नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी ती बदला आणि नव्या नळीतून नमुना घ्या. पिशवीतला नमुना कधीच नको.

म्हणून कागदावर त्या माणसाचं 'नेहमीचं' लिहा. नेहमीचं तापमान, नेहमीचा रक्तदाब, लघवीचा नेहमीचा रंग, बोलणं कसं असतं. रात्रपाळीला नवा मुलगा असतो, आजोबा रोजच असे बडबडतात की आजच, हे त्याला कुठून कळणार? मला रात्री फोन येतो तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो आणि दहातल्या नऊ वेळा उत्तर मिळत नाही.

---

विष्णुपुरी

मूळची नांदेडची, गेली अनेक वर्षं अमेरिकेत नर्सिंग होममध्ये नर्स आहे. इथे प्रत्येकाच्या शुश्रूषेचा वैयक्तिक आराखडा कायद्यानेच सक्तीचा आहे. १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्यापासून प्रत्येक रहिवाशाचं मोजमाप आणि त्यावरून आराखडा करावा लागतो. आजच्या नियमांत रहिवासी आल्यापासून ४८ तासांत प्राथमिक आराखडा, १४ दिवसांत सविस्तर तपासणी, आणि तपासणी पूर्ण झाल्यापासून ७ दिवसांत पूर्ण आराखडा. दर तीन महिन्यांनी फेरतपासणी. नळी घेऊन आलेल्या माणसाची नळी लवकरात लवकर काढता येते का हे बघावंच लागतं, ठेवायची असेल तर वैद्यकीय कारण नोंदवावं लागतं. सरकारी तपासनीस फाईल उघडून तेवढंच शोधतात. २०२४ च्या एप्रिलपासून नळी असलेल्यांना अंघोळ घालताना, कपडे बदलताना, नळी हाताळताना गाऊन आणि ग्लोव्हज घालणंही आलं, औषधांना न जुमानणारे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून.

पण कायदा असला म्हणजे कागद जिवंत असतो असं नाही. संगणकात तयार वाक्यं असतात, एक बटण दाबलं की पन्नास जणांचा आराखडा सारखाच निघतो. 'रहिवाशाला संसर्ग होणार नाही', 'नळी मोकळी राहील'. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या नर्स असं वाक्य दिसलं की विचारायच्या, हे वाचून मदतनीस उद्या सकाळी काय वेगळं करेल? मांजराकाठ ताईंचं 'लुगडं गोल नेसवायचं, काष्टा नाही' हे वाक्य त्या परीक्षेत पहिल्या झटक्यात उतरतं.

आराखडा ठरवायच्या बैठकीत रहिवासी स्वतः बसतो, हे मात्र आपल्याकडे जरूर घ्यावं. कोणाला मांडीला बांधलेली पिशवी टोचते, कोणाला पुरुष मदतनीस नको असतो, कोणाला नळीच नको असते आणि त्यापेक्षा ओलं झालेलं चालतं. हे विचारल्याशिवाय कळत नाही.

---

बालाघाट

माझा मोठा भाऊ, वय चौतीस. ट्रॅक्टर उलटून मानेला मार लागला, मानेखाली काहीच हलत नाही. घरी माणूसबळ नाही म्हणून अंबाजोगाईकडच्या एका केंद्रात ठेवलंय. सगळे म्हातारे, त्यात हा एकटा तरणा. मधूनच 'डोकं फुटायलंय' म्हणतो, तोंड लालबुंद होतं, कपाळावर घाम. बीपी एकदम वाढतं. तिथले बीपीची गोळी देतात आणि झोपवतात. कामून होतंय हे कोणी सांगंना. नळीशी याचा काही संबंध आहे का?

---

पूर्णाकाठचा डॉक्टर

आहे, आणि तातडीचा आहे. आजच केंद्राला फोन करा.

छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झाली असेल तर मूत्राशय तुंबल्यावर शरीर रक्तदाब आवरू शकत नाही. असा पेशंट 'दुखतंय' म्हणत नाही, कारण खालचं त्याला जाणवतच नाही. डोकेदुखी, घाम आणि लाल चेहरा हीच त्याची हाक असते. अशांचा नेहमीचा रक्तदाब कमी, वरचा आकडा ९० ते ११० असतो, म्हणून १४० सुद्धा त्यांच्यासाठी धोक्याचा. यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

अशा वेळी आडवं करायचं नाही, उठवून बसवायचं आणि पाय खाली सोडायचे. कपडे, पट्टे सैल. नळी पिळलीय का, पिशवी काठोकाठ भरलीय का ते बघायचं. लघवी उतरत नसेल तर नळी ताबडतोब बदलायची. मूत्राशय मोकळं असेल तर मळ साठलाय का, कुठे जखम आहे का, नखात काही रुतलंय का ते बघायचं. रक्तदाब दर दोन-तीन मिनिटांनी मोजायचा, आणि उतरत नसेल तर १०८ बोलवायची. हे त्याच्या कागदावर सगळ्यात वर, लाल शाईने, आणि एक प्रत पलंगाशी.

---

बालाघाट

फोन केला. आता नळी बदलली, पिशवीत बदाबदा लघवी उतरली म्हणाले, बीपी खाली आलंय. तुम्ही लिहिलेलं छापून उद्या सकाळी मी स्वतः घेऊन जातोय. लई उपकार झाले डॉक्टर.

---

खामनदी

छत्रपती संभाजीनगरजवळ केंद्र चालवतो. तुमचं सगळं पटतं, पण दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे प्रशिक्षित नर्स दिवसाला एक, बाकी मावशी आणि मामा. त्यातल्या काहींना वाचता येत नाही. उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या वर्षी आम्हीही अंघोळ एक दिवसाआड केली होती. प्रत्येकाचा चार पानी आराखडा कोण लिहिणार आणि कोण वाचणार? कुटुंबं महिन्याच्या पैशांत घासाघीस करतात, सिलिकॉनची नळी सांगितली की तोंड वाकडं करतात.

---

मांजराकाठ

दादा, हे प्रश्न आमच्याकडेही आहेत, म्हणून आमचा कागद एका पानाचाच आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी पलंगाच्या कडेला चित्रं लावलीत: एका मावशींच्या मुलीने काढून दिली. पाण्याचा तांब्या आणि त्यावर किती वेळा भरायचा त्याच्या रेघा, पिशवी कुठवर भरली की रिकामी करायची त्याची खूण, म्हणजे दोन-तृतीयांश. पिशवी रिकामी करायचं भांडं प्रत्येकाचं वेगळं आणि त्यावर त्या माणसाच्या पलंगाचा रंग. एकाच मगाने सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या करत फिरलं की जंतू पलंगापलंगावर पोचतात. पाणी कमी असलं तरी दोन पेशंटच्या मध्ये हात धुणं यातून सुटणार नाही. हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचं हँडरब चालतं, टँकरच्या दिवसांत आमचा आधार तोच. वापरलेल्या नळ्या आणि पिशव्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या लाल पिशवीत, ओले डायपर पिवळ्या. घंटागाडीत नाही.

सिलिकॉनच्या खर्चाचं म्हणाल तर सिंदफणा काकांची वहीच नातेवाइकांपुढे ठेवा. महिन्यात तीनदा बदललेली स्वस्त नळी आणि त्यासाठी रात्री केलेल्या रिक्षा, आणि एक सिलिकॉनची नळी, असा हिशेब लिहून दाखवला की बहुतेक जण स्वतःच हो म्हणतात.

विष्णुपुरी ताईंनी सांगितलं तसं विचारायला लागलो तेव्हा मला न सुचलेल्या गोष्टी निघाल्या. एक चाचा नळी घातल्यापासून गप्प गप्प असायचे, जेवणही कमी झालं होतं. दोघं बसून बोललो तेव्हा म्हणाले, पिशवीत नापाक आहे, नमाज कशी पढू? त्यांच्या मशिदीतले मौलाना येऊन भेटले. ज्याची लघवी थांबवता येत नाही तो माजूर, त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेला नव्याने वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) करावी, त्याची नमाज होते, असं त्यांनी समजावलं. आता चाचांच्या कागदावर आहे: प्रत्येक नमाजआधी पिशवी रिकामी, स्वच्छ कापडी खोळ, वजूला पाणी पलंगाजवळ. जेवण पुन्हा सुरू झालं. यात मला नर्सिंगच दिसतं, दुसरं काही नाही.

एकादशीचं असंच. निर्जळ उपवास करणाऱ्या दोन आजी आहेत, दोघींच्या नळ्या खड्यांनी बंद पडणाऱ्या. त्यांच्याशी आधीच बोलून ठरवतो: पाणी, ताक, लिंबाचं पाणी चालेल का? एक लगेच हो म्हणाल्या, दुसऱ्यांना त्यांच्या माळकरी भावाने समजावलं. वेळ अमावस्येला आंबिलाचे दोन पेले जास्त गेले तर मला आनंदच होतो.

स्मृतिभ्रंशात नळी ओढणाऱ्यांचं अजून कोणी लिहिलं नाही. आमचा अनुभव सांगते. हात बांधायचे नाहीत. फुगा फुगलेला असताना नळी ओढली की मूत्रमार्ग फाटतो, म्हणून आधी पुन्हा पहिली ओळ: नळी खरंच हवी का? लागणारच असेल तर ती नजरेआड करा. पायजम्याच्या आतून पायाच्या पट्टीला, पिशवी मागच्या बाजूला. आणि ओढायची वेळ कोणती हे आठवडाभर लिहून बघा. एका नानांची वेळ संध्याकाळी पाचनंतरची निघाली, गुरं घरी यायची वेळ. त्या तासाला त्यांना अंगणात बसवून शेंगा निवडायला देतो. रोज ऐकतातच असं नाही, पण ओढणं बरंच कमी झालंय.

---

तेरणेची लेक

सिंदफणा काका, तुमचं खरं निघालं. आईला सहा दिवस शौचाला झाली नव्हती. एनिमा दिला, रोजचं पातळ औषध सुरू झालं, डॉक्टरांनी २० ची नळी काढून १४ ची सिलिकॉन घातली. गळणं जवळजवळ थांबलंय आणि नवी पिशवी पिवळी आहे. पक्षाघाताला पाच महिने झालेत, तेव्हा नळी काढून बघायला हरकत नाही असंही डॉक्टर म्हणाले. सण झाल्यावर सकाळी काढणार आहेत.

आता एक प्रश्न. महालक्ष्मीच्या (गौरींच्या) सणाला तीन दिवस आईला गावी घरी न्यायचंय, भूमजवळ. तिचा जीव त्यातच आहे. वहिनी सगळं करेल, पण तिने नळी कधी हाताळलेली नाही. तिला काय लिहून देऊ?

---

मांजराकाठ

जरूर न्या. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींना केंद्रात बोलवा आणि पिशवी रिकामी करणं, धुणं-पुसणं सिस्टरसमोर त्यांच्या हातून करून घ्या, बघून शिकता येत नाही. सोबत द्या: एक जास्तीची पिशवी, त्याच नंबरची एक नळी (घालणारा प्रशिक्षितच हवा, पण गावच्या आरोग्य केंद्रात तो आकार असेलच असं नाही), ग्लोव्हज, मांडीची पट्टी, पिशवीची कापडी खोळ, शौचाचं औषध, आणि आईच्या कागदाची झेरॉक्स.

वहिनींसाठी वर मोठ्या अक्षरात एवढंच लिहा: चार तास लघवी उतरली नाही आणि पोट फुगलं, थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्ताच्या गुठळ्या दिसल्या किंवा आई ओळखेनाशी झाली, तर सवाष्णी जेवत असल्या तरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. कोणत्या दवाखान्यात रात्री नळी बदलणारं कोणी असतं ते आधी फोन करून विचारा आणि नंबर त्याच कागदावर लिहा. आधी फक्त नळी पिळलीय का, पिशवी वर राहिलीय का, आई नळीवर बसलीय का, एवढं बघून घ्यायचं.

दर्शनाला खाली बसवायचं असेल तर पाटावर नको, बुटक्या स्टुलावर बसवा, पिशवी आधी रिकामी करून. घरभर पाहुणे असतात तेव्हा पाणी पाजायचं सगळ्यात आधी राहून जातं, ते काम एखाद्या नातवाकडे नावानिशी द्या. आणि गाडीने जाताना पिशवी सीटवर आईशेजारी ठेवू नका, गुडघ्याखाली बांधा, भूमच्या रस्त्याला तासाभराने एकदा गाडी थांबवून नळीकडे नजर टाका.